खाऊ दिवसभराचा कसा झाला

१८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने शहरातली नामांकित मंडळी तिथे जमली होती. टिळक होते, रानडे होते, गोखले होते. कार्यक्रम संपल्यावर समोर चहा आणि बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी फक्त यजमानांचा मान राखला. नंतर गोपाळरावांनीच (गृहस्थ असलेच उद्योग करायचे) हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गदारोळ उठला. ख्रिश्चनांच्या हातचं खाल्लं-प्यायलं म्हणून प्रकरण शंकराचार्यांनी नेमलेल्या आयोगापर्यंत गेलं, आणि काही जणांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

हे प्रकरण आपल्याला ‘चहाचं ग्रामण्य’ म्हणून माहीत असतं. त्यातल्या बिस्किटाकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. मला मात्र तेच बशीतलं बिस्किट महत्त्वाचं वाटतं. कारण त्या वेळी ज्याला हात लावला तर धर्म बुडत होता, तो पदार्थ आज भिवंडीच्या कुठल्याही गल्लीत बाळाच्या तोंडात भाकरीच्याही आधी जातो. चहात नाहीतर दुधात बुडवून मऊ केलेलं बिस्किट. मराठी घर असो, उर्दू बोलणारं असो, तेलुगू असो की भोजपुरी, या एका बाबतीत शहरात एकवाक्यता आहे.

प्रायश्चित्तापासून इथपर्यंतचा प्रवास कसा झाला, हे मला मुलांच्या दातांच्या बाजूने बघायचं आहे. दातांची डायरी फार इमानदार असते. आपण काय खाल्लं याहून कितीदा खाल्लं, याची नोंद ते जास्त काटेकोरपणे ठेवतात.

आधी ‘खाऊ’ या शब्दाबद्दल. मराठीत खाऊ म्हणजे नुसता खाण्याचा पदार्थ नव्हे. खाऊ कुणीतरी आणतं. पाहुणा आला की त्याच्या पिशवीतून निघतो, आजोबा आठवड्याच्या बाजाराहून परतले की धोतराच्या किंवा सदऱ्याच्या खिशातून निघतो. जाताना पाहुणे मुलांच्या हातावर पैसे ठेवतात, तेही ‘खाऊला’. म्हणजे खाऊ हा एक प्रसंग होता, आणि प्रसंग रोज येत नसतात. त्यात काय असायचं? चणे-फुटाणे, कुरमुरे, गुडदाणी, रेवडी, बत्तासे, राजगिऱ्याचा लाडू, हंगामाप्रमाणे बोरं, चिंचा, आवळे, उसाचं कांडं. एरवी भूक लागली तर शिळी भाकरी, पोहे, नाहीतर गूळ-शेंगदाणे.

आता इथे गळा काढून ‘आमच्या आजीच्या काळात सगळं कसं सकस होतं’ असं म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. रेवडी आणि गुडदाणी दाताला चिकटण्यात कुठल्याही टॉफीच्या तोडीस तोड आहेत, आणि गुळाला दातातले जीवाणू साखरेइतकंच आनंदाने खातात. फरक होता तो बाजाराच्या वाराचा. आठवड्यातून एकदा.

हा वार मोडण्याचं काम तीन-चार गोष्टींनी मिळून केलं, आणि त्यांतली पहिली सरकारी आहे. १९३० च्या आसपासपर्यंत हिंदुस्थानात पांढरी साखर मोठ्या प्रमाणावर जावाहून येत होती. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला, परदेशी साखरेवर जबर कर बसला आणि देशी कारखाने भराभर उभे राहिले. १९३३ साली वालचंद हिराचंद यांनी मालेगावजवळ रावळगावला साखर कारखाना काढला. १९४२ पासून त्याच रावळगावच्या नावाने गोळ्या आणि टॉफ्या निघू लागल्या. पुढची ‘पान पसंद’ आपल्यातल्या अनेकांनी खाल्ली आहे. उसाच्या शेतापासून मुलाच्या जिभेपर्यंतची सगळी साखळी एकाच गावात! २०२४ च्या सुरुवातीला रावळगावचा गोळ्यांचा धंदा रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटींना घेतला. बातमी वाचून लोक हळहळले ते बालपणाच्या आठवणीने; ब्रँड तसाही बाजारात मागे पडलेला होता.

स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचा प्रयोग यशस्वी केला, आणि महाराष्ट्र साखरेचा प्रदेश झाला. या कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, राजकारण घडवलं. त्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. आपल्या विषयापुरतं एवढंच की साखर ही पाहुण्यापुरती डब्यात जपून ठेवायची वस्तू राहिली नाही.

दुसरीकडे, १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ल्यात चौहान कुटुंबाने गोळ्यांचा कारखाना सुरू केला होता. १९३९ मध्ये तिथे बिस्किटं बनू लागली. तोपर्यंत बिस्किट म्हणजे साहेबाचा पदार्थ, महाग आणि डब्यातला. पार्ल्याने ते स्वदेशी केलं आणि स्वस्त केलं. यंत्राने मळलेलं, यंत्राने भाजलेलं, कागदात गुंडाळलेलं बिस्किट कुणाच्या हातचं, हा प्रश्नच विचारायची सोय उरली नाही. पंचहौदमध्ये जो वाद विद्वानांना सोडवता आला नाही तो वेष्टनाने सोडवला, असं मला वाटतं. १९८० च्या दशकात ‘पारले ग्लुको’चं ‘पारले-जी’ झालं. पार्ल्याचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. स्टेशनवर उतरलं की येणारा भाजक्या बिस्किटांचा वास त्याच्याबरोबर गेला. ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्यावर मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचा: साधारण पाव भाग साखर.

पण साखर दाताचं नेमकं काय करते, हे माणसाला फार उशिरा कळलं. आपण अजून ‘दात किडला’ म्हणतो. या शब्दात चार हजार वर्षांची एक चूक बसलेली आहे. दाताला अळी पोखरते असं जुन्या बाबिलोनमध्ये मानत, आणि आपल्याकडे सुश्रुतानेही दाताच्या रोगांत ‘कृमिदंत’ सांगितला आहे. गंमत म्हणजे त्याच यादीत ‘दंतशर्करा’ असाही रोग आहे, पण त्याचा साखरेशी संबंध नाही. शर्करा म्हणजे मुळात खडे, रेती. दातावर बसणाऱ्या खरखरीत थराला ते नाव होतं. गावाकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी देणारे लोक असत. धुरीनंतर पांढरे, अळीसारखे कण खाली पडत आणि कीड निघाली म्हणून रोगी खूश होई. युरोपातही दुसऱ्या एका झाडाच्या बियांनी हाच खेळ चालायचा. ते कण बियांच्या पोटातले असत. १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशारने ग्रंथ लिहून सांगितलं की आपण सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, अळी काही दिसली नाही.

मग १८९० च्या सुमारास, म्हणजे पुण्यात चहावरून रण पेटलेलं असताना, बर्लिनमध्ये विलोबी मिलर नावाचा अमेरिकन दंतवैद्य एक साधा प्रयोग करत होता. त्याने काढलेले दात परीक्षानळीत लाळेबरोबर ठेवले, काही नळ्यांत पाव घातला आणि काहींत मांस. पावाच्या नळीतला दात विरघळू लागला. मांसाच्या नळीतला तसाच राहिला. तोंडातले जीवाणू पिठूळ आणि गोड पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं कवच खातं, हे त्याने मांडलं. १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्कने त्यातल्या मुख्य गुन्हेगाराला नाव दिलं: स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स.

यानंतरचा भाग मला इंजिनियर म्हणून सगळ्यात आवडतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन याने लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि दातावरच्या थराचा पीएच मिनिटामिनिटाला मोजला. आलेख असा आला: काही मिनिटांत पीएच झपाट्याने खाली, साडेपाचच्याही खाली, आणि मग लाळेच्या मदतीने हळूहळू वर. पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तच. साडेपाचच्या खाली दाताच्या कवचातून खनिजं निघून जातात. वर आलं की लाळेतली खनिजं काही प्रमाणात परत बसतात. म्हणजे हे दुरुस्तीचं काम रोज चालू असतं, फक्त त्याला मोकळा वेळ लागतो.

आता हिशेब करा. एखाद्या मुलाने दिवसातून तीनदा जेवताना गोड खाल्लं, दर वेळी चाळीस मिनिटं धरली, तर दात दोन तास आम्लात. तेवढीच साखर आठ हप्त्यांत खाल्ली – सकाळी चहा-बिस्किट, शाळेच्या वाटेवर गोळी, मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्किट, घरी आल्यावर आणखी एक, क्लासला जाताना एक – तर पाच तास वीस मिनिटं. साखर तीच. दुरुस्तीचा वेळ मात्र संपला.

हे माणसांवर सिद्ध झालं ते एका लाजिरवाण्या प्रयोगात. स्वीडनमधल्या लुंड गावाजवळ व्हिपेहोल्म ही मतिमंद लोकांची संस्था होती. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या रहिवाशांचे गट पाडून कुणाला जेवणाबरोबर साखर, कुणाला गोड पाव, कुणाला जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या दिल्या, एका गटाला तर दिवसाला २४ पर्यंत. हो-नाही म्हणण्याची कुवत नसलेली माणसं, आणि खर्चात मिठाई उद्योगाचाही वाटा. १९५४ मध्ये निष्कर्ष आले. जेवणाबरोबर भरपूर साखर खाणाऱ्यांचे दात फार किडले नव्हते. मधल्या वेळी चिकट टॉफी चघळणाऱ्यांच्या तोंडाची वाट लागली होती. आज दंतवैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात हा निष्कर्ष असतो. ज्यांच्या दातांवर तो उभा आहे त्यांची नावं मात्र कुठे नसतात.

स्वीडनच्या आरोग्य खात्याने यातून लोकांना सल्ला दिला की मुलांना गोळ्या-चॉकलेटं आठवड्यातून एकदाच, शनिवारी द्या. तिथे ‘शनिवारचा खाऊ’ अजून चालतो. आपल्या बाजाराच्या वाराचंच हे स्वीडिश भाषांतर म्हणायचं! त्यांनी वार पाडला तेव्हा आपण तो मोडत होतो.

आता भिवंडी. कामवारी नदीकाठचं, भाताचं आणि विणकरांचं हे गाव. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर हातमाग चालवत, मग विसाव्या शतकात यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापडाचं काम भिवंडीसारख्या ठिकाणी सरकलं. इथला कामगार बहुतेक ठिकाणी मीटरवर पैसे घेतो आणि पाळी बारा तासांची: एक दिवसाची, एक रात्रीची. गिरणीला कॅन्टीन होतं, ठरलेली सुट्टी होती. इथे दिवसभर कोपऱ्यावरच्या टपरीवरून कटिंग येतो आणि त्याबरोबर बिस्किट, खारी नाहीतर नानकटाई. एकटे राहणारे कामगार भिशीत दोन वेळ जेवतात, मधला वेळ चहावर निघतो.

बारा तासांच्या पाळीत मुलाचा दिवस कसा जातो हे कुणी इतिहासात लिहीत नाही. बाप रात्रपाळी करून सकाळी झोपलेला. त्याची झोप मोडू नये म्हणून रडणाऱ्या पोराला गप्प करणं हे घरातलं पहिलं काम. आई घरी बसून कांड्या भरत असेल, धागे कापत असेल, तर तिलाही हात मोकळे हवेत. पाच रुपयांचा पुडा हे काम चोख करतो. तो शिजवावा लागत नाही, नासत नाही, सांडत नाही, आणि मूल तो अर्धा तास पुरवून खातं. हा अर्धा तास आईला कामाचा मिळतो. स्टीफनच्या आलेखावर मात्र तो अर्धा तास घसरगुंडीच्या तळाशी असतो. बाळाला झोपवताना गोड दुधाची बाटली तोंडात देतात तेव्हाही तेच. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं, आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे वरचे चार दात तपकिरी, मग काळे होतात. खालचे जिभेच्या आडोशाने वाचतात. असं हसणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. लोक म्हणतात ‘चॉकलेटने खाल्ले’.

म्हणूनच आयांना दरडावणारी ‘मुलांना बिस्किटं देऊ नका’ छाप भाषणं ऐकली की मला वैताग येतो. मे २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये माग थांबले. मुंबई–नाशिक महामार्गावरून, म्हणजे भिवंडी तालुक्यातूनच, माणसं पोरंबाळं घेऊन पायी उत्तरेकडे निघाली होती. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरसाठी श्रमिक रेल्वे सुटली. वाटेवर मदत करणाऱ्यांनी काय वाटलं? पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा. कंपनीने तीन कोटी पुडे वाटण्याचं जाहीर केलं होतं, आणि मार्च ते मे या काळात पारले-जीची विक्री आठ दशकांत झाली नव्हती एवढी झाली, असं नंतर छापून आलं. भुकेल्या माणसाला पाच रुपयांत एवढ्या कॅलरी दुसऱ्या कुठल्या पदार्थाने दिल्या असत्या? हे मान्य केल्याशिवाय दातांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

भिवंडीचं दुसरं तोंड म्हणजे गोदामं. मुंबईत माल आणायचा तर नाक्यावर जकात भरावी लागे. मग व्यापाऱ्यांनी युक्ती काढली: माल शहराच्या हद्दीबाहेर, भिवंडीच्या ग्रामपंचायतींत साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा, म्हणजे जकात एकदम भरायला नको. आगरी शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर शेड उभ्या राहिल्या. मानकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. तरी गोदामं गेली नाहीत, उलट ऑनलाइन कंपन्यांनी ती आणखी वाढवली. मी अशाच एका गोदामाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक तपशील सांगतो. जो माल सगळ्यात जास्त वेळा उचलला जातो तो दरवाज्याजवळ ठेवायचा, असा नियम असतो. बिस्किटं, चॉकलेटं, वेफर्स कायम दरवाज्याजवळ असतात.

या जकातीतून मुंबई महापालिकेची मोठी कमाई व्हायची आणि त्याच तिजोरीतून महापालिकेची रुग्णालयं चालायची. त्यांत मुंबई सेंट्रलजवळचं नायर दंत महाविद्यालय आहे. ते सुरू झालं १९३३ मध्ये, रावळगावचा कारखाना निघाला त्याच वर्षी. दात आणि साखर महाराष्ट्रात एकाच वयाच्या संस्था आहेत. एकीची प्रत्येक गल्लीत शाखा निघाली, दुसरी गाठायची तर भिवंडीहून आधी ठाणं किंवा कल्याण, मग लोकल, मग रांग. मीटरवर पैसे घेणाऱ्या माणसाची त्यात एक अख्खी पाळी बुडते, आणि दाढेला एका खेपेत क्वचितच आराम पडतो. जवळचा खासगी दवाखाना परवडला तर ठीक. नाहीतर लवंग, नाहीतर मेडिकलमधली दुखण्याची गोळी.

दात घासण्याचं काय? राखुंडी, मीठ, कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी, मुसलमान घरांतून मिस्वाक, आणि बायकांत मिश्री, जी भाजलेली तंबाखू असते आणि दातांपेक्षा नशेसाठीच लावली जाते. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकरांनी परळला विको सुरू करून वज्रदंतीची पावडर काढली. पुढे त्यांचा कारखाना डोंबिवलीला आला, म्हणजे आमच्या शेजारीच. सिनेमा सुरू होण्याआधीची ती जाहिरात आमच्या आधीच्या पिढीला पाठ आहे. काडीने, मंजनाने दात स्वच्छ होतात हे खरं. पण दातात खनिजं परत बसवायला जे फ्लोराईड मदत करतं ते पेस्टमध्ये असतं, काडीत किंवा राखेत नसतं. आठवड्यातून एकदा खाऊ मिळायचा तेव्हा काडीवर भागत होतं.

आणखी एक छोटा इतिहास राहिलाच: सुट्ट्या पैशांचा. नव्वदच्या दशकापासून दुकानदार एक रुपया सुट्टा नाही म्हणून हातावर गोळी ठेवू लागले. मुलं दूध, अंडी, कोथिंबीर आणायला जात आणि गोळी खातच परत येत. म्हणजे खाऊ कुणी आणण्याची, मागण्याचीही गरज राहिली नाही. तो चलन झाला. यूपीआय आल्यावर हे एकदम कमी झालं. दातांच्या बाबतीत सरकारच्या हातून झालेलं एक चांगलं काम हे असेल, आणि ते दातांसाठी केलेलं नव्हतं.

मुद्दाम केलेली कामं म्हणाल तर कागद आहेत. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या कॅन्टीनमधून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला. चिप्स, शीतपेयं, गोळ्या-चॉकलेटं, बिस्किटं, केक बंद. पोळी-भाजी, खिचडी, इडली, नारळपाणी चालू. २०२० मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरासाठी नियम केला: शाळेत आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. वाईट काहीच नाही यात. पण भिवंडीतल्या ज्या शाळेला कॅन्टीनच नाही तिथे कॅन्टीनचा नियम कुणाला लावणार? आणि फाटकासमोर टोपली घेऊन बसणारी बाई बोरं, चिंचगोळ्या आणि एक रुपयाची जेली एकत्रच विकते. ती उठवली तर बोरंही गेली.

मध्यमवर्गाने आपल्यापुरता वेगळा मार्ग काढला आहे: ‘हेल्दी स्नॅक’. गुळाची कुकी, खजुराचा बार, मधातला ओट्सचा लाडू. माझ्या वयाचे नवे आईबाप यावर बरेच पैसे खर्च करतात. पोटासाठी ते बिस्किटापेक्षा बरं असेलही, पण खजूर आणि गूळ दाढेच्या खाचेत चिकटून बसतात आणि जीवाणूंना पाकिटावरचं ‘नो रिफाइन्ड शुगर’ वाचता येत नाही. मिलरच्या परीक्षानळीत घातला तर हा लाडूही दात विरघळवेल. त्यापेक्षा फुटाणे, शेंगदाणे, उकडलेलं अंडं, काकडी, पेरू हे दाताला कितीतरी सोपे. (शेंगदाणे अगदी लहान मुलांना नकोत, घशात अडकतात.) आणि लाडू द्यायचाच तर जेवणाच्या ताटात द्या, वर पाणी प्यायला लावा. मधल्या वेळच्या चार हप्त्यांत तो देऊ नका. यात खर्च शून्य आहे, त्यामुळे कदाचित याची जाहिरात कुणी करत नाही.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली होती. पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले, बारा वर्षांच्यांत ५३.८ टक्के, पंधराव्या वर्षी ६३.१. आकड्यांपेक्षा त्यावरची आपली प्रतिक्रिया मला जास्त खटकते. दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत.

पुढचे पडतात सहा-सात वर्षांत, खरं आहे. पण दुधाच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेने त्या मुलाला पुढची सहा-सात वर्षं चावायचं असतं. ठणकते म्हणून ते एकाच बाजूने खातं, भाकरी सोडतं, मऊ मागतं, आणि घरात सगळ्यात मऊ काय असतं तर चहातलं बिस्किट.

त्यात सहाव्या वर्षाच्या आसपास एक दाढ येते. ती पक्की असते, आयुष्यभराची. पण ती येताना कुठलाही दुधाचा दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, हिरडीतून गुपचूप वर येते. वर दोन, खाली दोन. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ब्रश तिथवर पोचत नाही, आणि ती निघाली हे घरात कुणाला कळलेलंही नसतं. मूल पहिलीत असतं, खिशात पाच रुपये असतात. वर्ष-दोन वर्षांत तिला काळा ठिपका पडतो आणि घरचे म्हणतात, असू दे, दुधाची आहे.